अंतर विमानाचे, वेळ प्रवाशाची

छत्रपती संभाजीनगरहून दिल्ली विमानाने किती दूर, या प्रश्नाचे उत्तर बहुधा तासांत दिले जाते. वस्तुतः अंतर आणि वेळ या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाल्यास दौऱ्याचे नियोजन चुकते, सुनावणी हुकते, रुग्णाची उपचाराची वेळ टळते.

प्रथम अंतर पाहू. चिकलठाणा विमानतळ सुमारे १९.८६ उत्तर अक्षांश व ७५.४० पूर्व रेखांशावर आहे; दिल्लीचा विमानतळ २८.५७ उत्तर व ७७.१० पूर्व येथे आहे. अक्षांशातील फरक ८.७१ अंश. एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, म्हणून उत्तरेकडील अंतर ९६७ किलोमीटर. रेखांशातील फरक १.७० अंश. रेखांश उत्तरेकडे जवळ येत जातात. या दोन शहरांच्या मध्यावर त्यांचा एक अंश सुमारे १०१ किलोमीटर भरतो, म्हणून पूर्वेकडील अंतर १७२ किलोमीटर. या दोन भुजांवरून पायथागोरसच्या सिद्धांताने कर्ण येतो सुमारे ९८२ किलोमीटर. नकाशा व वही एवढ्या साहित्यावर हा पाठ माध्यमिक शाळेत घेता येईल.

आता वेळ. प्रवासी विमान उंचीवर ताशी सुमारे ८०० किलोमीटर वेगाने जाते. त्या हिशेबाने दिल्लीस सव्वा तास पुरावा. परंतु धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे व उतरणे यांमुळे प्रत्यक्षात दोन तासांच्या आसपास लागतात. मुंबईचे सरळ अंतर केवळ २८० किलोमीटर, म्हणजे वेगाच्या हिशेबाने एकवीस मिनिटे. तरीही वेळापत्रकात सुमारे एक तास धरावा लागतो. अंतर जितके कमी, तितका विमानाच्या वेगाचा लाभ कमी.

थांब्यांचा परिणाम याहून बोलका आहे. १९९३ साली इंडियन एअरलाइन्सचे ४९१ क्रमांकाचे विमान दिल्लीहून जयपूर व उदयपूरमार्गे तेव्हाच्या औरंगाबादला येऊन पुढे मुंबईस जाई. या मार्गाने दिल्ली ते औरंगाबाद हे अंतर सुमारे १,०९५ किलोमीटर, म्हणजे सरळ मार्गापेक्षा अवघे ११० किलोमीटर अधिक. परंतु दोन वेळा अधिक उतरणे, थांबणे व पुन्हा उड्डाण करणे यांत तास जात. उड्डाण व अवतरण हे प्रवासाचे नाजूक टप्पेही असतात. २६ एप्रिल १९९३ रोजी याच विमानाला चिकलठाण्याहून उड्डाण करताना अपघात होऊन ५५ जण मृत्युमुखी पडले.

सिल्लोडच्या एखाद्या सरपंचाला दिल्लीत मंत्रालयीन बैठकीस जावयाचे असल्यास पुढीलप्रमाणे हिशेब करावा. गावाहून विमानतळापर्यंत दोन तास, उड्डाणापूर्वीची तपासणी दीड तास, विमानप्रवास दोन तास, सामान घेण्यास अर्धा तास आणि दिल्लीतील रस्त्यावर एक तास. एकूण सात तास. त्यांपैकी पूर्ण वेगाचे उड्डाण सव्वा तासाहून कमी. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या दाट धुक्यासाठी आणखी वेळ हाताशी ठेवणे इष्ट.

सकाळी अकराच्या बैठकीसाठी आदल्या दिवशी निघणे हा अशा वेळी अपव्यय नसून हिशेब असतो. प्रवासाची वेळ तिकिटावरून मोजू नये. ती घराच्या उंबरठ्यापासून कामाच्या दारापर्यंत मोजावी.