इन्सुलिन घरात आल्यावर

लेक अकरा वर्षांची असताना तिला टाईप वन डायबेटिस निघाला. ज्यांच्या घरी हे नुकतंच घडलंय, त्या आईवडिलांसाठी लिहिते आहे. डोस आणि वेळा तुमचे डॉक्टर ठरवतील. हे मात्र घर चालवता चालवता कळलेलं.

१. हे कुणामुळेही झालेलं नाही. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच स्वादुपिंडातल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. चॉकलेटं, लाड, नजर यांचा काही संबंध नाही. हे मुलीला सगळ्यात आधी सांगा, आणि पुन्हा पुन्हा सांगा. ‘मी गोड खाल्लं म्हणून झालं का?’ असं मुलं तोंडाने विचारत नाहीत, पण मनात धरून बसतात.

२. इन्सुलिन बंद करायचं नाही. कुणीही सांगितलं तरी नाही. सुरू केल्यावर काही आठवड्यांनी बऱ्याच मुलांची गरज एकदम कमी होते, कारण उरल्यासुरल्या पेशी थोडे दिवस पुन्हा काम करू लागतात. डॉक्टर याला ‘हनिमून’ म्हणतात. नेमक्या याच काळात कुणीतरी कारल्याचा रस किंवा कसलासा काढा आणून देतं, आकडे छान येतात आणि श्रेय काढ्याला जातं. हा काळ संपतोच. तोवर सुई सोडलेली असेल तर जिवावर बेततं.

‘एवढ्याशा पोरीला सुयांची सवय लावू नका’ असं म्हणणाऱ्यांना मी लिओनार्ड थॉम्प्सनची गोष्ट सांगते. इन्सुलिन नव्हतं तेव्हा अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवत, म्हणजे मरण थोडं लांबायचं. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोच्या रुग्णालयात या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं आणि तो पुढे तेरा वर्षं जगला. तेव्हाचं औषध आजच्यापेक्षा कितीतरी ओबडधोबड होतं. हे ऐकल्यावर बहुतेक जण गप्प होतात.

३. आजारपणात तर नाहीच नाही. ‘जेवली नाही, मग सुई कशाला?’ हा विचार सगळ्यांत धोक्याचा. तापात साखर न खाताही वाढते. डोस कमी-जास्त करायचा तर डॉक्टरांना फोन करून. लघवीतले कीटोन तपासायच्या पट्ट्या घरात ठेवा. उलट्या, पोटदुखी, खोल खोल श्वास दिसले की घरगुती उपाय करत बसू नका. थेट दवाखाना.

४. साखर ७० च्या खाली गेली की तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. चॉकलेट देऊ नका, त्यातल्या तुपातेलामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. मूल शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही.

थरथर आणि घाम सगळ्यांना माहीत असतो. आमच्याकडे पहिली खूण म्हणजे चिडचिड. त्यामुळे आधी बोटाची तपासणी, मग रागावणं, असा क्रम ठरून गेला. पण यातही जपावं लागतं. कधीकधी तिला खरंच राग आलेला असतो, आणि तेव्हा ‘शुगर बघू’ म्हटलेलं तिला फार लागतं. तपासून झालं, आकडा नीट आला, की रागाचं कारण ऐकून घ्यायचं.

५. आपल्याकडे बाटलीतलं बरंचसं इन्सुलिन ४० युनिटचं असतं, त्याची लाल टोपीची सिरिंज. पेनमधलं असतं १०० युनिटचं. पेन बिघडलं म्हणून त्यातलं औषध लाल टोपीच्या सिरिंजने ओढून खुणेप्रमाणे दिलं, तर अडीचपट डोस जातो. घरातल्या प्रत्येकाला हे पाठ हवं.

६. सुईची जागा रोज बदला. एकाच ठिकाणी टोचलं की गाठ येते आणि तिथून औषध नीट शोषलं जात नाही.

७. इन्सुलिन फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवा, बर्फाजवळ कधीच नाही, गोठलेलं फेकून द्यायचं. फ्रिज नसेल किंवा उन्हाळ्यात वीज तासन्‌तास जात असेल तर मातीची दोन मडकी घ्यावीत, एकात एक ठेवून मध्ये ओली वाळू भरावी. खेड्यापाड्यांत हे चालतं आणि छान चालतं.

८. तिच्यासाठी वेगळा स्वयंपाक करू नका. भाकरी, भात, बटाटा मोजायला शिका. सुरुवातीला स्वयंपाकघरात छोटा वजनकाटा असू द्या. उपवासाची साबुदाणा खिचडी म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, ती भातापेक्षा हलकी समजू नका. होळीला पुरणपोळी खाऊ द्या, तिचा डोस आधी विचारून ठेवा.

९. सुई लपवून देऊ नका. ‘लग्न कसं जमायचं?’ हा प्रश्न अकरा वर्षांच्या पोरीसमोर विचारणारी माणसं असतात. त्यांना तिथेच थांबवा. वर्गातल्या बाई, पीटीचे सर, रिक्षावाले काका आणि बाकावरची मैत्रीण यांना सगळं माहीत हवं, कारण साखर उतरेल तेव्हा आपण तिथे नसणार.

१०. आणि बाबांनीही पहिल्याच आठवड्यात सुई द्यायला शिकावं. रात्री दोनला उठून साखर तपासण्याची पाळी दोघांत वाटून घ्या. एकट्या आईवर हे टाकलं तर ती आजारी पडेल त्या दिवशी घरात कुणालाच काही येत नसेल.