खाडीतील मुक्काम

वाशिष्ठी ही कोकणातील एक मोठी नदी. सह्याद्रीत उगम पावून ती चिपळूणवरून वाहत येते आणि दाभोळजवळ अरबी समुद्राला मिळते. नदीच्या ज्या भागात भरतीचे पाणी शिरते, त्याला खाडी म्हणतात. दाभोळची खाडी चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत, म्हणजे सुमारे ४५ किलोमीटर आत जाते. पूर्वी शिडाची गलबते माल घेऊन भरतीबरोबर गोवळकोटला येत आणि ओहोटीबरोबर परत जात. रस्ते झाले, खाडीत गाळ साचला आणि ती वाहतूक संपली.

त्या जुन्या वाटेने एकदा जावे, म्हणून आम्ही दाभोळच्या एका वयस्कर तांडेलाबरोबर निघालो. तांडेल म्हणजे नाव चालवणारा प्रमुख. सगळे त्यांना चाचा म्हणत. डिसेंबर महिना होता. नाव लाकडी, लहानशी, मागे इंजिन बसवलेली.

“किती वाजता निघायचं, चाचा?” मी आदल्या दिवशी विचारले.

“चाँदची सतरा तारीख आहे. सकाळी सात वाजता पाणी चढायला लागेल. तेव्हाच निघू.”

चाचांनी घड्याळ पाहिले नाही की पंचांग उघडले नाही. भरती-ओहोटी मुख्यतः चंद्राच्या ओढीमुळे होते. चंद्र रोज उशिरा उगवतो, तशी भरतीही रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. मुंबईच्या किनाऱ्यावर यासाठी एक सोपा हिशेब आहे. तिथीला ३ ने गुणावे आणि ४ ने भागावे. चतुर्थी असेल, तर साधारण ३ वाजता पूर्ण भरती. दाभोळला ती थोडी आधी येते. हिजरी महिनाही चंद्रावरच चालतो, त्यामुळे चाचांना तारीख आठवली की पाणी आठवते.

सकाळी दाभोळच्या जुन्या मशिदीचा घुमट मागे पडला. बहमनी आणि आदिलशाही काळात हे मोठे बंदर होते. हज यात्रेकरूही येथून जहाजाने जात. आता धक्क्यावर पलीकडच्या धोपाव्याला जाणाऱ्या फेरीबोटीची गडबड होती. ती मागे राहिली आणि शांतता सुरू झाली.

दोन्ही काठांना कांदळवन होते. त्याच्या मुळांजवळ चिखलात निवटे उड्या मारत होते. निवटा हा मासाच, पण चिखलावर सरपटतो! उत्तरेकडून जगबुडी नदी येऊन मिळाली. पुढे एका चिखलाच्या काठावर ओंडका पडलेला दिसला. जवळ गेलो, तर ओंडक्याने तोंड उघडले. ती मगर होती. मी पाण्यात सोडलेला हात झटकन आत घेतला. चाचा फक्त हसले.

दुपारी गोवळकोटला पोहोचलो. २२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात महापूर आला होता. त्यानंतर वाशिष्ठीतील गाळ काढण्याचे काम सुरू झाले. चाचा त्याबद्दल बराच वेळ बोलत होते. तीनच्या सुमारास पाणी फिरले आणि आम्हीही फिरलो.

सूर्यास्ताला चाचांनी एका वळणावर इंजिन बंद केले. नदीच्या वळणात बाहेरच्या बाजूला पाणी खोल असते आणि आतल्या बाजूला गाळ साचतो. त्यांनी दोराला शिसे बांधून पाणी मोजले. तीन वाव भरले. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होणारे अंतर.

“तीन वाव पाणी, मग दोर किती सोडायचा?” त्यांनी मलाच विचारले.

“चार वाव?”

“मग मध्यरात्री आपण कुठं असू?”

पाणी आठ वाजेपर्यंत अजून उतरणार होते आणि मग चढून रात्री चार वाव होणार होते. नांगर केवळ वजनाने नाव धरत नाही. तो तळाशी आडवा पडून गाळात रुततो. दोर आखूड असेल, तर चढत्या पाण्याबरोबर नांगर उचलला जातो आणि झोपलेली माणसे खडकावर जातात. म्हणून दोर पाण्याच्या निदान पाचपट हवा. चाचांनी चार वाव धरून वीस वाव सोडला. मग पांढरा दिवा उंच टांगला. रात्री दुसरी होडी आली, तर तिला आम्ही दिसायला हवे.

भाकरी आणि सुक्या मासळीचे कालवण झाले. चंद्र उगवला. पाणी इतके स्थिर होते, की पलीकडच्या गावातली अजान अगदी जवळून आल्यासारखी वाटली. मला डुलकी लागली, पण चाचा नाळेवर, म्हणजे नावेच्या पुढच्या टोकाला, बसून राहिले.

नऊच्या सुमारास नाव हळूहळू फिरू लागली. आतापर्यंत तिचे तोंड चिपळूणकडे होते, ते दाभोळकडे झाले. भरती आली होती. नांगरावरची ओढ अशी उलटते, तेव्हाच तो निसटण्याची भीती असते. चाचांनी दोरावर तळहात ठेवला. नांगर तळावरून घसरत असेल, तर दोर थरथरतो. ते बराच वेळ तसेच बसले होते. मधूनमधून काठावरच्या दोन दिव्यांकडे पाहत होते. दिवे जागच्या जागी होते.

मग त्यांनी हात काढला आणि घोंगडी अंगावर ओढली.

प्रश्न
१. चाचांनी वीस वाव दोर का सोडला?
२. षष्ठीला मुंबईच्या किनाऱ्यावर पूर्ण भरती साधारण किती वाजता येईल?
३. नाव फिरली, तेव्हा चाचा जागे का राहिले?