मर्यादा किती ठेवावी? – संगणकाचा एक पाठ



रेशनच्या दुकानात एकानेच दहा पिशव्या पुढे केल्या तर मागचे ताटकळतात. म्हणून रांग आणि नियम आले. सर्व्हरचेही तसेच आहे. एका प्रोग्रामने दुसऱ्याकडे काम मागण्याच्या खिडकीला एपीआय म्हणतात. २०२१ साली लसीकरणाच्या कोविन प्रणालीने या खिडकीवर एका आयपी पत्त्यास ५ मिनिटांत १०० विनंत्या अशी मर्यादा ठेवली होती.

मराठी विकिपीडिया ज्यावर चालतो ते मीडियाविकी सॉफ्टवेअर मोफत आहे. कोणतीही शाळा ते भाड्याच्या सर्व्हरवर बसवू शकते. त्यातील मूळ मर्यादा अशी : खाते न उघडलेल्यांना एका पत्त्यावरून ६० सेकंदांत ८ संपादने, नव्या खात्यास ८, जुन्या खात्यास ९०.

आता हिशोब करू. संगणक कक्षातील सर्व यंत्रे एकाच जोडणीतून बाहेर जातात, म्हणून सर्व्हरला पत्ता एकच दिसतो. ३० मुलांनी दर दोन मिनिटांस एक संपादन केले तर मिनिटाला १५ होतात. ८ स्वीकारली जातील, ७ परत येतील. मुलांची चूक काहीच नाही, तरी लिहिलेले अडकते!

उपाय दोन. पहिला, प्रत्येकाने आपल्या खात्यातून लिहावे, म्हणजे मोजणी वेगवेगळी होते. दुसरा, सर्व्हर आपला असल्याने सेटिंगच्या फाईलमध्ये आकडा बदलावा. बदलण्यापूर्वी फाईलची प्रत ठेवावी, आकडा गरजेपुरताच वाढवावा व तास संपल्यावर पूर्ववत करावा. मर्यादा पूर्ण काढू नये. एखादा बिघडलेला प्रोग्राम सर्व्हर ठप्प करील आणि नको त्या जाहिराती भरणाऱ्यांना रान मोकळे होईल.

विकिपीडियाचा सर्व्हर मात्र आपला नाही. तेथे एका पत्त्यावरून दिवसाला ६ खातीच उघडता येतात. कार्यशाळा घ्यायची तर तारीख, वेळ व पत्ता कळवून आधी सवलत मागावी लागते, किंवा मुलांनी घरून खाते उघडून यावे. पालकांनी यात मदत करावी.

विश्वस्त मंडळींस एवढेच सांगणे की, सर्व्हर आपला घेतला की किल्लीही आपली आणि राखणही आपलीच. हे काम एका जबाबदार शिक्षकाकडे सोपवावे, असे आम्हांस वाटते.

स्वाध्याय : सवलत न घेता वर्गातील २४ मुलांची विकिपीडिया खाती शाळेतूनच उघडायची आहेत. किती दिवस लागतील?