ट्रॅव्हल ट्रेलरचे टायर बदलताना

प्रश्न : अमेरिकेतल्या दोन अ‍ॅक्सलच्या ट्रॅव्हल ट्रेलरला टिकाऊ टायर कोणते? नक्षी शाबूत असताना जुने का फुटतात?

उत्तर : ट्रेलरचा टायर सहसा झिजून जात नाही, वयाने, जादा भाराने किंवा कमी हवेने जातो. वर्षातले कित्येक महिने तो उन्हात एकाच जागी उभा असतो. रबर कडक होत जाते, नक्षी मात्र नव्यासारखी दिसते. म्हणून खरेदीवेळी आधी टायरच्या बाजूवरचा ‘डीओटी’ क्रमांक वाचावा. शेवटचे आकडे ३५२१ असतील, तर टायर २०२१ च्या पस्तिसाव्या आठवड्यातला. दुकानात वर्षानुवर्षे पडून असलेला ‘नवा’ टायर स्वस्तात मिळाला तरी नाकारावा.

मापाआधी ‘एसटी’ ही अक्षरे असलेला टायर खास ट्रेलरसाठीचा. कारचे टायर इथे लावू नयेत. खरी निवड भारक्षमतेची. एसटी २२५/७५ आर १५ या मापात ‘डी’ श्रेणीचा टायर ६५ पीएसआयला २,५४० पौंड पेलतो, ‘ई’ श्रेणीचा ८० पीएसआयला २,८३०. पाणी-सामान भरून ट्रेलर वजनकाट्यावर न्यावा आणि प्रत्येक चाकावरच्या भाराहून निदान पंधरा-वीस टक्के जास्त क्षमता घ्यावी. ‘डी’वरून ‘ई’वर जाताना रिम ८० पीएसआय सोसते का, हे तपासावे, व्हॉल्व्ह धातूचे बसवावेत, साधे रबरी तेवढ्या दाबाचे नसतात.

ब्रँडची चर्चा यानंतरची. टायर थंड असताना हवा पूर्ण भरावी, आणि पाच-सहा वर्षांनी नक्षी न पाहता सगळे टायर बदलावेत.