क्लॅरिनेट आणि चरितार्थ

पोर्तुगीज अमलात, म्हणजे १५३४ ते १७३९ या दोन शतकांत, वसईच्या चर्चमधून पाश्चात्त्य गायनाचा जो संस्कार रुजला आणि पुढे लग्नकार्यातील बँडच्या रूपाने आळीआळीत पोहोचला, तो ध्यानी घेता येथील एखाद्या मुलाने क्लॅरिनेटवर चरितार्थ चालविण्याचा मनोदय प्रकट केला, तर पालकांनी ती लहर समजून मोडता घालू नये. मिळकतीचा हिशेब मात्र त्याला शेजारी बसवून निर्भीडपणे मांडावा.

लग्नाच्या सुपाऱ्या हंगामी. पावसाळ्यात व प्रायश्चित्तकाळात हात बहुतेक रिकामेच. मुंबईच्या एनसीपीएत २००६ साली स्थापन झालेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया विरार लोकलच्या टप्प्यात आहे खरा, परंतु वाद्यवृंद कितीही मोठा असला तरी त्यात क्लॅरिनेटवादक बहुधा दोन-तीनच लागतात. राज्य पोलीस भरतीत बँड्समनची पदे निघतात, सैन्यदलाचे वादक पचमढीस तयार होतात. दरमहा तनख्याची शाश्वती हवी असेल त्याने या जाहिरातींवर नजर ठेवावी.

उरते अध्यापन, आणि माझ्या मते तोच या व्यवसायाचा पाया होय. वादनात मागे पडलेल्याची सोय म्हणून त्याकडे पाहणे हा त्या विद्येवर अन्याय आहे. बी-फ्लॅट क्लॅरिनेटवर कागदावरचा ‘सी’ वाजविला की कानी पडते ती काळी पाच. शिवाय बासरीत जोराने फुंकले असता सूर सप्तकाने चढतो, तर येथे अंगठ्याची कळ दाबताच तो सप्तक ओलांडून वरच्या पंचमापर्यंत जातो, त्यामुळे खालच्या व वरच्या सप्तकांची बोटे निराळी ठेवावी लागतात. हा उलगडा ज्याला शिष्यापुढे करता येतो, रीडवर ओठांचा दाब किती असावा हे जो केवळ कानाने ओळखतो, त्याच्याकडे चर्चच्या गायनवृंदातले मूल आणि रागसंगीत शिकणारे मूल, दोन्ही येतात.

पुढचे पक्के दात आल्यावर, साधारण नवव्या-दहाव्या वर्षी आरंभ करावा. प्रथम प्लास्टिकचे वाद्य पुरे, लाकडी वाद्याची तजवीज हात बसल्यावर. ट्रिनिटीच्या आठ श्रेणींबरोबर गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या गायनपरीक्षाही द्याव्यात, कारण शाळेतील नेमणुकीच्या वेळी दाखले मागितले जातात. त्याच कारणास्तव पदवीचे शिक्षण मध्येच सोडू नये. शिकविण्याची उमेदवारी मात्र पदवीपर्यंत थोपवू नये: दहावीनंतर गुरूच्या देखरेखीखाली एखाद्या धाकट्या मुलाचा आठवड्यातून एक तास घेण्यास हरकत नसावी.