वहीतली खिचडी

१. टिपताना आधी पुस्तकाचं नाव आणि पान लिहावं, मग मजकूर. माझी पहिली वही याच चुकीने वाया गेली. दोनशे पानं भरली आहेत, पण कोणती गोष्ट जाडजूड ग्रंथातली आणि कोणती भेळेच्या कागदावरची, हे आता मलाच सांगता येत नाही.

२. फार आवडलेल्या माहितीवर आधी संशय घ्यावा. चीनची भिंत चंद्रावरून दिसते, हे मी कितीतरी लग्नांच्या पंगतीत ऐकवलं. २००३ साली चीनचाच अंतराळवीर यांग लिवेई पृथ्वीभोवती फिरून आला आणि भिंत दिसली नाही म्हणाला. चंद्र तर त्याच्यापेक्षा हजारपट लांब! भिंतीची लांबी हजारो किलोमीटर, पण रुंदी जेमतेम काही मीटर. केस कितीही लांब असो, अंगणाच्या पलीकडून तो एकटा केस कुणाला दिसतो?

३. माहितीला वय असतं. प्लूटो सापडला १९३० साली, ग्रहांच्या यादीतून गेला २००६ साली. मी नोंद खोडली नाही, शेजारी साल लिहिलं. 'नववा ग्रह' लिहून मिळवलेला मार्क कुणी परत मागितला नाही.

४. शब्दकोश लागेल तेव्हा उघडण्यापेक्षा निवांत चाळावा. 'पगार' पोर्तुगीज निघाला. तिकडे त्याचा अर्थ पैसे चुकते करणे. 'चावी', 'पाव', 'बटाटा' हेही तिकडूनच आलेले.

५. बटाट्यावरूनच पुढचं सापडलं. उपवासाची खिचडी घ्या. आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा तिथलाच, बटाटा तिथलाच, आणि हिरवी मिरचीही अमेरिका खंडातलीच. कोलंबस १४९२ साली तिकडे पोचला. म्हणजे १२९० साली ज्ञानेश्वरी पूर्ण झाली तेव्हा महाराष्ट्रात मिरचीचा पत्ताच नव्हता, तिखटाला मिरी होती. माझा आपला अंदाज असा, की उपवासाला मनाई धान्याला होती. ही परदेशी मंडळी धान्यात मोडत नव्हती, म्हणून सोवळ्यात शिरली.

६. कुठे काय सांगावं, हेही कळायला हवं. हे सगळं मी ऐन आषाढीला, भरल्या ताटावर सांगितलं. "म्हणजे आपलं जुनं काय उरलं?" आईने विचारलं. "तूप आणि जिरं," मी म्हणालो. तिने शांतपणे माझ्या ताटातली खिचडी काढून घेतली आणि वाटीभर तुपात चिमूटभर जिरं टाकून पुढे ठेवलं.

रताळ्याचीही नोंद वहीत आहे. ती अजून घरात सांगितलेली नाही.