अन्नतंत्राची पदवी व कारखान्यातील उमेदवारी

आपल्या कळंब तालुक्यातील शेतकरी तूर व सोयाबीन कच्ची विकतो, आणि डाळ व तेल विकत आणतो. हा व्यवहार पालटावयाचा तर घरातील एखाद्या मुलाने वा मुलीने अन्नतंत्र शिकावे. परभणीस १९७६ साली याचे महाविद्यालय निघाले. या पदवीस कारखान्यातील उमेदवारीची जोड असते.

तेथे काय शिकावयाचे? तुरीचे टरफल डिंकासारख्या द्रव्याने डाळीस चिकटलेले असते. म्हणून तेल व पाणी लावून, वाळवून मग ती भरडतात. यात चूक झाल्यास चुरी वाढते. उमेदवाराने प्रत्येक खेपेची ओल, वजन व उतारा टिपावा आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी. सोयाबीनमध्ये शेकडा सुमारे ४० भाग प्रथिने असतात. परंतु कच्च्या दाण्यातील पचनास बाधक द्रव्य उष्णतेनेच निकामी होते. उष्णता अधिक झाल्यास प्रथिनांचाही कस घटतो. नेमकी मर्यादा शोधणे हेच नवा पदार्थ घडविण्याचे मर्म होय.

शिकलेला मुलगा पोती तोलतो, याचे पालकांस वाईट वाटते. आम्ही महसूल कचेरीत आयुष्य घालविले. बांधावर न जाता लिहिलेल्या पीकपेऱ्याची किंमत आम्ही जाणतो. हातांनी न केलेली विद्याही तशीच.

मात्र १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली जागा मिळत असेल तर करार लेखी व नोंदलेला आहे ना, विद्यावेतन किती, आणि प्रयोगशाळेत काम मिळेल काय, हे पालकांनी आधीच विचारून घ्यावे.